पुडी, गोळी की सुई? जीवनसत्त्वांची तूट भरून काढताना

दक्षिण दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत. झाशीच्या राणीचे नाव धारण करणाऱ्या या वसाहतीच्या एका बाजूस सरोजिनी नगरचा बाजार, दुसऱ्या बाजूस आय.एन.ए.ची मंडई आणि दिल्ली हाट. तर थोड्याच अंतरावर अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेली 'एम्स'. बदलीच्या निमित्ताने महाराष्ट्रातून दिल्लीत आलेल्या कितीतरी कुटुंबांनी अशा सरकारी वसाहतींमध्ये आयुष्याची उमेदीची वर्षे काढली आहेत. सकाळी कार्यालयात जावे, दिवस फायलींच्या सान्निध्यात घालवावा आणि दिवेलागणीला घरी परतावे, असा हा दिनक्रम. वर्षातील बहुतेक महिने या शहरावर ऊन सढळ हाताने सांडत असते. परंतु ते अंगावर पडण्याचा योग मात्र रविवारखेरीज क्वचितच येतो.

या विसंगतीचे मोल शरीराला मोजावे लागते. पाठ दुखते, पायऱ्या चढताना मांड्या भरून येतात, थकवा जात नाही. रक्त तपासले की 'ड' जीवनसत्त्व कमी असल्याचा अहवाल हाती पडतो. त्याच कागदावर पुष्कळदा 'ब-१२'च्या नावापुढेही खालच्या दिशेचा बाण असतो. मग औषधाच्या दुकानात प्रश्न उभा राहतो : रोजची गोळी घ्यावी, आठवड्याची पुडी घ्यावी की एकदाच सुई टोचून मोकळे व्हावे? शेजारी एक सांगतो, कार्यालयातील सहकारी दुसरेच सांगतो. या प्रश्नाची उत्तरे देणारे महत्त्वाचे संशोधन दिल्लीत आणि पुण्यातच झालेले आहे, याची मात्र फारशी कोणाला कल्पना नसते.

उन्हाच्या शहरातील अंधार

'ड' हे जीवनसत्त्व अन्नातून थोडेच मिळते. त्याचा मुख्य स्रोत म्हणजे त्वचा. सूर्यप्रकाशातील अतिनील 'ब' किरण त्वचेवर पडले की तेथील एका स्निग्ध द्रव्याचे 'ड-३'मध्ये रूपांतर होते. पुढे यकृत आणि मूत्रपिंड यांच्या संस्कारांनंतर ते कार्यक्षम बनते आणि आतड्यातून कॅल्शियम शोषून घेण्यास साह्य करते. हे किरण खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. सकाळच्या कोवळ्या उन्हात त्यांचे प्रमाण कमी असते, दुपारच्या आसपास अधिक असते आणि सावळ्या त्वचेला तेवढेच जीवनसत्त्व तयार करण्यास गोऱ्या त्वचेपेक्षा अधिक वेळ लागतो.

एम्समधील डॉ. रवींद्र गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दिल्लीतील निरोगी व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सैनिक होते, रुग्णालयात काम करणारे डॉक्टर व परिचारिका होत्या, गर्भवती स्त्रिया आणि नवजात अर्भकेही होती. मैदानात वावरणाऱ्या सैनिकांची 'ड'ची पातळी इतरांच्या तुलनेत बरी निघाली. उलट रुग्णालयाच्या भिंतींआड दिवस घालविणाऱ्यांची पातळी फारच खालावलेली आढळली. म्हणजे इतरांना औषध लिहून देणाऱ्यांच्याच अंगी त्या जीवनसत्त्वाचा दुष्काळ होता.

धुरकट हवेचाही यात वाटा आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिल्लीतील मोरी गेट या प्रदूषित भागातील तान्ह्या व रांगत्या मुलांची तुलना गुडगावमधील त्याच वयाच्या मुलांशी करण्यात आली. मोरी गेटच्या मुलांच्या रक्तात 'ड'ची सरासरी पातळी मिलिलिटरमागे १२.४ नॅनोग्रॅम होती, तर त्या वेळच्या मोकळ्या गुडगावात ती २७.१ होती. डॉ. आर. के. मारवाह यांच्या चमूने २००५ साली दिल्लीतील शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात पाच हजारांहून अधिक मुलांपैकी सुमारे ११ टक्के मुलांत या कमतरतेची शारीरिक लक्षणे दिसली. तूट व्यापक आहे, याविषयी मग शंका उरली नाही. ती भरावी कशी, हा पुढचा प्रश्न होता.

साठ हजारांची पुडी

आपल्याकडे सर्वाधिक प्रचलित असलेली पद्धत म्हणजे ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल, आठवड्यातून एकदा, आठ आठवडे. प्रौढ माणसाची रोजची गरज सुमारे ६०० युनिट मानली जाते. त्या हिशेबाने एका पुडीत शंभर दिवसांचा ऐवज असतो. 'ड' हे स्निग्ध पदार्थांत विरघळणारे जीवनसत्त्व असल्याने शरीर ते चरबीत साठवू शकते. म्हणूनच एवढी मात्रा एकदम देणे शक्य होते.

ही पद्धत गुणकारी आहे का? डॉ. गोस्वामी यांच्याच चमूने २००८ साली याचे उत्तर दिले. निरोगी, परंतु 'ड'ची दीर्घकालीन कमतरता असलेल्या व्यक्तींना आठ आठवडे दर आठवड्यास ६०,००० युनिट आणि रोज कॅल्शियम देण्यात आले. दोन महिन्यांअखेर बहुतेकांची पातळी समाधानकारक झाली. येथपर्यंत सारे अपेक्षेप्रमाणे घडले. परंतु संशोधकांनी याच व्यक्तींचे रक्त वर्षभरानंतर पुन्हा तपासले, तेव्हा पातळी पुन्हा कमतरतेच्या कक्षेत घसरलेली आढळली.

याचे कारण गूढ नाही. रक्तात फिरणाऱ्या 'ड'चे प्रमाण, नवी भर पडली नाही तर, दोन ते तीन आठवड्यांत निम्म्यावर येते. चरबीतील साठा काही काळ आधार देतो. मग तोही ओसरतो. दिनक्रम तोच, कार्यालय तेच, ऊन पूर्वीइतकेच दूर; तेव्हा तूट पुन्हा येणार हे ठरलेलेच. बँकेच्या भाषेत सांगायचे तर एकरकमी भरणा करून खात्यातील उणे शिल्लक अधिक करता येते, पण दरमहा जमेपेक्षा खर्च मोठा राहिला तर ते खाते पुन्हा उणे होण्यास वेळ लागत नाही. म्हणून आठ पुड्यांचा क्रम संपला की उपचार संपला, हा समज चुकीचा ठरतो. त्यानंतर डॉक्टरांनी ठरवून दिलेली लहान, नियमित मात्रा आवश्यक असते. औषधाच्या चिठ्ठीतील ही दुसरी ओळच बहुधा विसरली जाते.

रोज, महिन्याला की वर्षातून एकदा?

लहान मात्रा रोज घ्यावी की तिची बेरीज करून आठवड्याला किंवा महिन्याला एकदा घ्यावी, याचीही तुलना झालेली आहे. खुब्याच्या अस्थिभंगाची शस्त्रक्रिया झालेल्या ४८ वृद्ध स्त्रियांवरील एक इस्रायली अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. काहींना रोज १,५०० युनिट, काहींना आठवड्याला १०,५००, तर काहींना महिन्याला ४५,००० युनिट देण्यात आले. बेरीज सर्वांची सारखीच. दोन महिन्यांनी तिन्ही गटांची पातळी जवळपास सारखी निघाली. त्याच वर्षी नेदरलँड्समधील वृद्धांच्या शुश्रूषागृहांत झालेल्या अभ्यासात मात्र रोजची मात्रा सर्वांत परिणामकारक, तर महिन्याची सर्वांत कमी परिणामकारक ठरली. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले तर असे दिसते की, रोजची मात्रा इतर मार्गांहून कोठेही उणी पडत नाही. ज्यांना रोजची आठवण राहत नाही, त्यांच्यासाठी आठवड्याची मात्रा ही स्वीकारार्ह तडजोड आहे.

मग वर्षातून एकदाच मोठी मात्रा का घेऊ नये? हा प्रयोगही झाला. ऑस्ट्रेलियात सत्तरीच्या व त्यापुढील २,२५६ स्त्रियांपैकी निम्म्यांना दरवर्षी एकदा पाच लाख युनिट 'ड' तोंडावाटे देण्यात आले. उरलेल्यांना औषधासारखी दिसणारी निष्प्रभ गोळी मिळाली. हाडे बळकट होतील आणि पडझड कमी होईल, ही अपेक्षा होती. २०१० साली निष्कर्ष आले ते नेमके उलट. जीवनसत्त्व मिळालेल्या गटात पडण्याचे प्रमाण १५ टक्क्यांनी आणि अस्थिभंगाचे प्रमाण २६ टक्क्यांनी अधिक होते. विशेषतः मात्रा घेतल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत धोका अधिक दिसला.

सुईचा मोह याच पठडीतला आहे. सहा लाख युनिटचे इंजेक्शन एकदा टोचले की झाले, अशी समजूत आजही आढळते. वास्तविक तोंडावाटे घेतलेल्या 'ड-३'ने रक्तातील पातळी काही दिवसांतच वाढते, तर स्नायूत दिलेले औषध हळूहळू झिरपत आठवड्यांनी परिणाम दाखविते, हे इटलीतील २००८च्या तुलनात्मक अभ्यासाने दाखविले. ज्यांच्या आतड्यांत स्निग्ध पदार्थांचे शोषणच होत नाही, अशा रुग्णांसाठी इंजेक्शनचे महत्त्व निर्विवाद आहे. इतरांसाठी मात्र गोळी किंवा पुडी अधिक लवकर काम करते. आणि ती जेवणासोबत, थोड्या स्निग्धांशाच्या सोबतीने घेतल्यास शोषण अधिक चांगले होते. तेव्हा उपाशीपोटी पाण्याबरोबर पुडी घेण्यापेक्षा दुपारच्या वरण-भात-तुपानंतर घेणे शहाणपणाचे.

पुण्याचा वारसा : 'ब-१२'

'ड'च्या बाबतीत जे कार्य दिल्लीत झाले, तसेच 'ब-१२'च्या बाबतीत पुण्यात झाले. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांतील माता आणि त्यांची मुले यांचा दीर्घकालीन अभ्यास चालविला आहे. २००६ साली याच चमूने मध्यमवयीन ४४१ पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ६७ टक्क्यांच्या रक्तात 'ब-१२' कमी होते. अधिक चकित करणारी गोष्ट अशी की, शहरी मध्यमवर्गात हेच प्रमाण ८१ टक्के होते. ज्यांच्या घरी अन्नाची ददात नाही, त्यांच्याच घरी ही तूट सर्वाधिक होती.

'ब-१२' निसर्गात केवळ सूक्ष्मजीव तयार करतात. माणसाला ते मांस, मासे, अंडी आणि दूधदुभते यांतूनच मिळते. भाज्या, कडधान्ये व फळे यांत ते नसते. शाकाहारी घरांत दुधाचा चहापुरताच वापर होत असेल, तर तूट येणे स्वाभाविक आहे. यकृतात या जीवनसत्त्वाची काही वर्षे पुरेल एवढी शिल्लक असते. त्यामुळे तूट सावकाश येते, पण आली की तिचा आघात मज्जातंतूंवर होतो. तळपायांना मुंग्या येणे, अंधारात तोल जाणे, विसरभोळेपणा, जीभ लाल व गुळगुळीत होणे ही तिची लक्षणे आहेत. उतारवयात ती 'वयोमानानुसार' म्हणून दुर्लक्षिली जातात. उपचार फार लांबला, तर मज्जातंतूंची हानी पूर्णपणे भरून येत नाही.

पुण्याच्या चमूने २००९ साली आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखविली. पातळी कमी असलेल्या बहुतेकांच्या आतड्यांची 'ब-१२' शोषण्याची शक्ती शाबूत होती. दोष पचनाचा नव्हता. आहारातच ते कमी होते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत गावातील कुटुंबांना वर्षभर रोज केवळ २ किंवा १० मायक्रोग्रॅम 'ब-१२' देण्यात आले. 'ब-१२' कमी असता रक्तात साचणारे होमोसिस्टीन नावाचे द्रव्य दोन्ही मात्रांनी जवळपास सारखेच उतरले. दोन-अडीच मायक्रोग्रॅम ही तर निसर्गाने ठरविलेली रोजची गरज. म्हणजे आहारातील उणिवेमुळे आलेली तूट थांबविण्यास अगदी अल्प, पण रोजची भर पुरेशी ठरते.

एक टक्क्याचे गणित

तरीही 'ब-१२'साठी इंजेक्शन हाच खरा उपाय, अशी श्रद्धा पिढ्यान्‌पिढ्या का टिकली? तिला इतिहास आहे. जठरातून स्रवणारा 'इंट्रिन्सिक फॅक्टर' नावाचा एक प्रथिन-घटक 'ब-१२'ला बोट धरून लहान आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत नेतो. काही रुग्णांत हा घटकच तयार होत नाही. पूर्वी हा आजार जीवघेणा असे. १९२६ साली मायनॉट आणि मर्फी या अमेरिकी डॉक्टरांनी भरपूर यकृत खाऊ घालून असे रुग्ण वाचविले आणि १९३४ साली व्हिपल यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९४८ साली 'ब-१२' शुद्ध स्वरूपात वेगळे झाले. वाहकच नसलेल्या रुग्णांना ते सुईने देणे, हा सरळ मार्ग ठरला.

परंतु शरीराला आणखी एक वाट ठाऊक आहे. वाहक घटकाच्या साह्याने एका वेळी जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅम आत जाते. त्याखेरीज तोंडावाटे घेतलेल्या मात्रेच्या सुमारे एक टक्का भाग वाहकाविना आपोआप झिरपतो. आता हिशेब करावा. १,००० मायक्रोग्रॅमच्या गोळीचा एक टक्का म्हणजे १० मायक्रोग्रॅम, अर्थात रोजच्या गरजेच्या चौपट. म्हणजे वाहक नसला तरी मोठ्या मात्रेची रोजची गोळी काम भागवू शकते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत काही रुग्णांना रोज २,००० मायक्रोग्रॅमची गोळी, तर काहींना ठरावीक अंतराने १,००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शने देण्यात आली. चार महिन्यांनी गोळी घेणाऱ्यांची रक्तातील पातळी सुई घेणाऱ्यांपेक्षा चांगली निघाली. जिभेखाली विरघळणारी गोळी अधिक प्रभावी असते, असाही प्रचार असतो. परंतु २००३च्या एका तुलनेत जिभेखालची आणि गिळण्याची गोळी यांच्या परिणामांत फरक आढळला नाही.

मग सुई कधी? मुंग्या, बधिरता, तोल जाणे अशी मज्जातंतूंची लक्षणे असतील, रक्तक्षय तीव्र असेल किंवा रुग्णाच्या पोटात काही टिकतच नसेल, तेव्हा डॉक्टर प्रथम इंजेक्शने देतात, कारण अशा वेळी विलंब परवडत नाही. पातळी सावरल्यानंतर बहुतेकांना गोळीवर आणता येते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणारे आणि आम्लपित्तासाठी वर्षानुवर्षे औषध घेणारे यांनी 'ब-१२'ची तपासणी करण्याविषयी आपल्या डॉक्टरांना आवर्जून विचारावे. ही औषधे त्याच्या शोषणात अडथळा आणतात.

परळचा एक जुना धडा

तूट भरताना नेमकी कोणती तूट आहे हे ओळखणे किती महत्त्वाचे, याचा धडा मुंबईनेच जगाला दिला आहे. १९२८ साली डॉ. लुसी विल्स या इंग्रज वैद्य मुंबईत आल्या. गिरणगावातील गरीब गर्भवती स्त्रियांमध्ये रक्तक्षयाचा एक गंभीर प्रकार आढळत असे. त्याचा शोध त्यांनी परळच्या हाफकिन संस्थेत घेतला. स्वस्त अशा यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइटने, या स्त्रिया बऱ्या होतात, हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी घटक पुढे फोलिक आम्ल या नावाने ओळखला गेला. १९४१ साली ते पालकाच्या पानांतून वेगळे करण्यात आले आणि १९४५ साली त्याची कृत्रिम निर्मिती झाली. तीत यल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञाचा वाटा होता.

फोलिक आम्ल आणि 'ब-१२' यांच्या अभावी होणारा रक्तक्षय सूक्ष्मदर्शकाखाली सारखाच दिसतो. यातच धोका आहे. 'ब-१२'ची तूट असताना केवळ फोलिक आम्ल दिले, तर रक्त सुधारते, चेहऱ्यावर तजेला येतो. परंतु मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते. म्हणून 'रक्तवाढीची गोळी' स्वतःच्या मनाने घेऊन बरे वाटले, यावर विसंबणे योग्य नाही.

अधिक म्हणजे हितकर नव्हे

'ब-१२' पाण्यात विरघळते आणि गरजेपेक्षा जास्त झालेले बव्हंशी मूत्रावाटे निघून जाते. 'ड'चे तसे नाही. ते साठते, आणि प्रमाणाबाहेर साठले की रक्तातील कॅल्शियम वाढते. उलट्या, बद्धकोष्ठता, अतिशय तहान, संभ्रम आणि अखेरीस मूत्रपिंडांना इजा, असा त्याचा क्रम असतो. काश्मीर आणि गुडगाव येथील डॉक्टरांनी २०११ आणि २०१५ साली अशा रुग्णांची माहिती वैद्यकीय नियतकालिकांत मांडली. कमतरता दूर करण्याच्या उत्साहात पुन्हा पुन्हा मोठ्या मात्रा दिल्या गेल्याने हे रुग्ण आजारी पडले होते. आठवड्याची पुडी चुकून रोज घेणे, हीही घरोघरी घडू शकणारी चूक आहे.

दुसरीकडे, तूट नसलेल्यांना या गोळ्यांपासून फारसा लाभ होत नाही. अमेरिकेत सुमारे २६,००० प्रौढांवर झालेल्या चाचणीत रोज २,००० युनिट 'ड' घेऊनही कर्करोग वा हृदयविकार यांचे प्रमाण कमी झाले नाही, असे २०१८ साली जाहीर झालेले निष्कर्ष सांगतात. अस्थिभंगही कमी झाले नाहीत, हे २०२२ साली स्पष्ट झाले. अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीच्या २०२४च्या मार्गदर्शनात निरोगी प्रौढांची सरसकट 'ड' तपासणी करू नये, असे सुचविले आहे. आणि पन्नाशीपुढे ज्यांना हे जीवनसत्त्व द्यावयाचे आहे त्यांच्यासाठी मोठ्या, अधूनमधूनच्या मात्रेपेक्षा रोजची लहान मात्रा पसंत केली आहे.

लक्षात ठेवण्याजोगे

• तपासणीशिवाय आणि डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय मोठी मात्रा सुरू करू नये.
• पुडी आठवड्याची की रोजची, हे चिठ्ठीवर ठळक लिहून घ्यावे. दिनदर्शिकेवर वार नोंदवावा.
• 'ड' जेवणासोबत घ्यावे. आठ आठवड्यांनंतर पुढे काय घ्यायचे, हे पहिल्याच भेटीत विचारून ठेवावे.
• मुतखडा, मूत्रपिंडाचा विकार किंवा क्षयरोग असल्यास 'ड' घेण्यापूर्वी डॉक्टरांना तसे सांगावे.
• तळपायांना मुंग्या किंवा तोल जाणे ही लक्षणे वयावर ढकलू नयेत.
• शाकाहारी व्यक्तींनी दूध, दही, ताक यांचा रोजच्या आहारात नियमित समावेश ठेवावा.

दिल्लीच्या पुडीची कथा आणि पुण्याच्या दोन मायक्रोग्रॅमची कथा शेवटी एकाच निष्कर्षावर येतात. तूट का आली, यावर तिचा मार्ग ठरतो. आणि ती भरून आल्यानंतर दररोज काय जमा होते, यावर तिचा टिकाव ठरतो. आवर्ती ठेवीचे महत्त्व ज्यांना उमगले आहे, त्यांना हे वेगळे सांगावयास नको. हिवाळ्यातील दुपारी जेवणाच्या सुटीत कार्यालयाच्या हिरवळीवर बसणारे कर्मचारी दिल्लीत जागोजागी दिसतात. बाह्या दुमडून घेतलेले ते अर्ध्या तासाचे ऊन आणि घरी परतल्यावर पेलाभर दूध, हा भरणा आजही विनाशुल्क किंवा अल्प मोलात करता येतो.